अगोस्तिनीचे 15 किताब: गाडीचे किती, माणसाचे किती?

एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मोटारसायकल रेसर जाकोमो अगोस्तिनीच्या नावावर 15 जागतिक किताब आहेत, व्हॅलेंतिनो रोस्सीच्या नावावर 9. पण माझा मित्र म्हणतो, अगोस्तिनीकडे एमव्ही अगुस्ता होती आणि बाकीच्यांकडे भंगार. त्या गाडीवर कोणीही जिंकला असता. हे कितपत खरं? आणि माझ्या काकांकडे यामाहाची जुनी आर.डी. 350 आहे. अगोस्तिनी हीच गाडी चालवायचा, असं ते सांगतात. तेही खरं का?"

मित्राचं म्हणणं रुपयातले सहा आणे खरं आहे. काकांचं जेमतेम चार आणे. आता सविस्तर सांगतो.

पस्तीसेक वर्षं मी रेससाठी गाड्या तयार करतोय. त्याआधी थोडी वर्षं स्वतः चालवल्या. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या लष्करी धावपट्टीवर रेस व्हायच्या, त्या काळातली गोष्ट. जिंकलो फारसं नाही, पण हरण्याची कारणं पाठ झाली. प्रेक्षकाला वेग दिसतो. गाडी बनवणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं: हा पोरगा गाडी शेवटच्या फेरीपर्यंत शाबूत आणतो की नाही, आणि आणलीच तर तिच्यात किती जीव शिल्लक ठेवून आणतो. अगोस्तिनीकडे मी त्याच नजरेने बघत आलोय.

त्याचा जन्म 16 जून 1942चा, ब्रेशा शहरातला. वाढला तो इझेओ तळ्याकाठच्या लोवेरे गावात, चार भावांत थोरला. वडिलांना मोटारसायकलचं हे वेड मुळीच पसंत नव्हतं, आणि अल्पवयीन मुलाला रेसचा परवाना काढायचा तर वडिलांची सही लागायची. वडील ओळखीच्या नोटरीकडे सल्ला मागायला गेले. नोटरी म्हणाला, करा की सही, पोराच्या तब्येतीला व्यायाम चांगलाच. त्याला वाटलं सायकलची शर्यत आहे! इटालियनमध्ये सायकल शर्यतीला 'चिक्लिस्मो' म्हणतात आणि मोटारसायकलच्या शर्यतीला 'मोतोचिक्लिस्मो'. मधल्या 'मोतो'कडे नोटरीचं लक्ष गेलं नाही. हा किस्सा अगोस्तिनी स्वतः रंगवून सांगतो, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चला.

पहिली रेस 1961 साली, त्रेंतो ते बोन्दोने ही डोंगर चढायची. गाडी मोरिनीची 175 सीसी. दुसरा आला. घाटातल्या रेसला लोक कमी लेखतात, पण ती वेगळीच शाळा आहे. तिथे दहा फेऱ्या मारून वळण पाठ करायची सोय नसते. छोट्या इंजिनाची गाडी चढावर एकदा मंदावली की पुन्हा वेग धरायला तिला युगं लागतात. म्हणून ब्रेक कमीत कमी, वळणात वेग टिकवायचा, आणि पुढचं वळण दिसण्याआधीच गाडीची दिशा ठरलेली हवी. अगोस्तिनीची ती गुळगुळीत, कुठेही झटका नसलेली शैली या घाटांतून आली असं माझं मत आहे. जुनी चित्रफीत बघा: गुडघे टाकीला चिकटलेले, हनुवटी खाली, आणि गाडी जणू रुळावरून चालली आहे.

मित्राला पहिला धक्का इथेच द्या. 1964 साली अगोस्तिनीने 250 सीसी वर्गातलं इटलीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं ते मोरिनीच्या एका सिलिंडरच्या गाडीवर. समोर होता तार्क्विनिओ प्रोव्हिनी, तेव्हाचा मोठा माणूस, आणि त्याच्या बुडाखाली बेनेल्लीची चार सिलिंडरची गाडी. म्हणजे एमव्ही मिळायच्या आधीच या पोराने एका सिलिंडरवर चार सिलिंडरला हरवलं होतं. काउंट दोमेनिको अगुस्ताने त्याला बोलावलं ते त्यानंतर. अगुस्ता हा हेलिकॉप्टर बनवणारा घरंदाज उद्योगपती. मोटारसायकल हा त्याचा धंदा कमी आणि प्रतिष्ठेचा प्रश्न जास्त. अशा माणसाकडे 22 वर्षांच्या पोराला गाडी मिळते ती काही लॉटरीतून नाही.

1965 ते 1967 ही तीन वर्षं मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि 'कोणीही जिंकला असता' म्हणणारे नेमकी हीच वर्षं विसरतात.

1965 मध्ये एमव्हीच्या संघात त्याचा सहकारी होता माइक हेलवुड. रेस जाणणाऱ्या जुन्या लोकांना विचारलंत की मोटारसायकलवर बसलेला सर्वांत उपजत गुणी माणूस कोण, तर दहातले सात हेलवुडचंच नाव घेतील. त्याच्या शेजारच्या गॅरेजमध्ये राहून अगोस्तिनी शिकला. त्याच वर्षी एमव्हीने 350 सीसी वर्गासाठी तीन सिलिंडरची नवी गाडी काढली. चार सिलिंडरच्या जुन्या धुडापेक्षा ती हलकी, बारीक आणि वळणात आज्ञाधारक. तिच्यावर त्याने जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंगला पहिली ग्रांप्री, म्हणजे जागतिक किताबाच्या मालिकेतली रेस, जिंकली. किताबाचा निकाल जपानमध्ये सुझुकाला लागायचा होता. तिथे इग्निशनमध्ये बिघाड झाला आणि किताब होंडाच्या जिम रेडमनकडे गेला. दोन-चार रुपयांच्या भागाने वर्ष घालवणं काय असतं, हे त्याला तेव्हाच कळलं.

1966 ला हेलवुड होंडाकडे गेला आणि होंडा पहिल्यांदाच 500 सीसीच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, वर्गात उतरली. पैसा, माणसं, घोडाशक्ती, सगळं तिकडे. पहिल्या दोन रेस रेडमनने घेतल्या. मग बेल्जियममधल्या स्पाला पावसात तो पडला, हात मोडला आणि त्याची कारकीर्दच संपली. अगोस्तिनी स्पाला जिंकला, फिनलंडमध्ये इमातराला जिंकला, आणि शेवटची लढत मोन्झाला आली. तिथे हेलवुडच्या होंडाचं इंजिन गेलं. अगोस्तिनी 36 गुण, हेलवुड 30. पहिला किताब.

आता म्हणाल, होंडा बिघडली म्हणून जिंकला. थांबा, 1967 बघा.

त्या वर्षी 500 च्या 10 रेस होत्या. त्यातले सर्वोत्तम 6 निकाल धरायचे असा नियम. पहिल्याला 8 गुण, दुसऱ्याला 6. होकेनहाइम अगोस्तिनीची, आइल ऑफ मॅन हेलवुडची, आसेन हेलवुडची, स्पा अगोस्तिनीची, झाक्सेनरिंग अगोस्तिनीची, ब्रनो हेलवुडची, इमातरा अगोस्तिनीची, डंड्रॉड हेलवुडची, मोन्झा अगोस्तिनीची, आणि शेवटची कॅनडातली मोसपोर्ट हेलवुडची. पाच-पाच. पाच विजयांचे 40 आणि एका दुसऱ्या क्रमांकाचे 6, दोघांचेही 46 गुण. बरोबरी! मग दुसरे क्रमांक मोजले. अगोस्तिनीचे तीन, हेलवुडचे दोन. किताब अगोस्तिनीकडे.

होंडाची ती चार सिलिंडरची गाडी सरळ पट्ट्यावर एमव्हीच्या पुढे निघून जायची, पण वळणात डुलायची. हेलवुड तिला दंडाच्या जोरावर वळवत होता. एमव्हीची तीन सिलिंडरची गाडी ताकदीला कमी, पण सरळ वागणारी. मोन्झाला हेलवुड पुढे असताना शेवटच्या काही फेऱ्यांत त्याचा गिअरबॉक्स दगा देऊन गेला, ही गोष्ट खरी. पण उलट बाजूही तितकीच खरी. आइल ऑफ मॅनला त्याच वर्षी अगोस्तिनी हेलवुडशी सेकंदा-सेकंदाने झुंजत असताना सहापैकी पाचव्या फेरीत त्याची चेन तुटली आणि रेस तिथेच संपली.

त्या रेसबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते टाळणं मला जमत नाही. आइल ऑफ मॅन हे इंग्लंड-आयर्लंडच्या मधलं बेट. तिथली एक फेरी साधारण 60 किलोमीटरची. म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्याच्या जवळपास पोहोचायचं, तेही साध्या गावरस्त्यावरून: दगडी भिंती, विजेचे खांब, घरांची दारं, वरती डोंगरात धुकं. अशा सहा फेऱ्या. 1967 ला त्या रस्त्यावर हेलवुडने ताशी 175 किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली, आणि तो विक्रम 8 वर्षं टिकला. सरासरी म्हणतोय मी, कमाल वेग नाही. वाटेत बॅलॉ नावाचा कमानीचा पूल आहे. तिथे गाडी अख्खी हवेत उडते. चाक हवेत गेलं की इंजिन मोकळं सुटतं, फेरे भसाभस वाढतात, आणि चाक जमिनीला टेकताच तो सगळा हिसका चेनवर येतो. म्हणून उडतानाच अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडायचा असतो. सहा फेऱ्यांत सहा उड्या, शिवाय छोटे उंचवटे वेगळेच. त्याची चेन नेमकी कशाने तुटली यावर मी बोलणार नाही, पण त्या रस्त्यावर चेन, क्लच आणि स्पोक जपणं हेच निम्मं कौशल्य. अगोस्तिनीने तिथे पुढे एकूण 10 विजय मिळवले. नुसत्या जोरावर चालवणाऱ्या माणसाला तिथे 10 विजय मिळत नाहीत.

आता मित्राच्या सहा आण्यांकडे येतो. 1967 नंतर होंडाने ग्रांप्रीतून अंग काढून घेतलं. हेलवुडही ग्रांप्री सोडून गेला. 500 वर्गात उरले ते बहुतेक एका सिलिंडरच्या जुन्या नॉर्टन आणि मॅचलेस घेऊन आलेले खाजगी रायडर. गॅरेज, घर आणि स्वयंपाकघर सगळं एकाच व्हॅनमध्ये घेऊन युरोपभर फिरणारी ही माणसं. त्यांच्यापुढे एमव्ही म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत जीप. 1968 ला 500 च्या 10 पैकी 10 रेस अगोस्तिनीने जिंकल्या. 1970 ला 350 आणि 500 हे दोन्ही वर्ग मिळून एका हंगामात 19. कित्येक रेसमध्ये दुसरा आलेला रायडर त्याच्या एक फेरी मागे असायचा. 500 चे 1968 ते 1972 हे पाच किताब आणि 350 चे 1968 ते 1971 हे चार, असे 15 पैकी 9 या काळातले. ते मी पूर्ण भावाने धरत नाही. 350 मध्ये निदान बेनेल्लीवरचा रेन्झो पासोलिनी होता. चष्मा लावून रेस करणारा, बेभान आणि लोकांचा लाडका. इटलीत तेव्हा अगोस्तिनीवाले आणि पासोलिनीवाले असे दोन तट पडले होते. 500 मध्ये मात्र रान मोकळं होतं.

पण 'फुकट' हा शब्द मी तरीही वापरणार नाही. समोर कोणी नसताना चालवणं सोपं वाटतं, पण कधी प्रयत्न करून बघा. मन भरकटतं, लय जाते, आणि मग साध्या वळणावर माणूस पडतो. माझ्याकडची चांगली चांगली पोरं मोठी आघाडी घेतल्यावरच पडलेली आहेत. अगोस्तिनी एका दिवसात 350 ची रेस संपवून तासा-दोन तासात 500 वर बसायचा. दोन गाड्या, दोन वेगळ्या ब्रेकिंगच्या जागा. आणि रस्ते कसले? इमातराला रेल्वेचे रूळ ओलांडावे लागत. ब्रनो आणि झाक्सेनरिंग गावांतून जायचे. तिथे पडणं म्हणजे आजच्यासारखं वाळूत घसरत जाणं नव्हतं. 1969 ला 350 मध्ये त्याला खरी टक्कर द्यायला एक जण आला होता: बिल आयव्ही, जावा कंपनीच्या चार सिलिंडरच्या टू-स्ट्रोकवर. हो, तीच चेकोस्लोव्हाकियातली जावा, जिच्या गाड्या आपल्याकडे म्हैसूरला बनायच्या. झाक्सेनरिंगला सरावात इंजिन जाम झालं आणि आयव्ही गेला.

आयव्हीचं नाव निघालं म्हणून 1972. त्या वर्षी आइल ऑफ मॅनला 125 च्या रेसमध्ये, पाऊस आणि धुक्यात, अगोस्तिनीचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती डोंगरावर पडून गेला. अगोस्तिनीला त्यानंतर चालवायचंच नव्हतं. शेवटी हवा निवळल्यावर तो 500 च्या रेसला उतरला, जिंकला, आणि म्हणाला की इथे मी पुन्हा येणार नाही. आणि खरोखर गेला नाही. हे किती मोठं होतं ते आज कळणार नाही. आइल ऑफ मॅन ही तेव्हा जागतिक किताबात धरली जाणारी रेस होती. ती सोडणं म्हणजे त्या रेसचे गुण दरवर्षी गंगेला अर्पण करणं, तेही जिथे आपण 10 वेळा जिंकलोय तिथले. इंग्लंडमध्ये त्याच्यावर टीकाही झाली. पण हळूहळू बाकीचे मोठे रायडरही तिथून पाय काढू लागले. 1976 नंतर ती रेस जागतिक मालिकेतून वगळली आणि ब्रिटिश ग्रांप्री सिल्व्हरस्टोनला गेली. मी ट्रॅकवर पोरांना शिकवतो तेव्हा विजयांच्या आकड्यांपेक्षा हा निर्णय आधी सांगतो.

मोकळं रान संपलं ते यार्नो सारिनेन आल्यावर. फिनलंडचा हा पोरगा यामाहाची टू-स्ट्रोक घेऊन आला आणि 1972 च्या 350 हंगामातल्या पहिल्या दोन रेस त्याने अगोस्तिनीच्या नाकावर टिच्चून नेल्या. एमव्हीला घाईघाईने 350 ची नवी चार सिलिंडरची गाडी काढावी लागली, आणि किताब कसाबसा राखला. हा किताब मी पूर्ण भावाने धरतो. 1973 ला सारिनेन 500 मध्ये उतरला आणि पहिल्या दोन रेस जिंकला. मग 20 मे 1973, मोन्झा. 250 च्या रेसमध्ये पहिल्याच मोठ्या वळणावर पासोलिनी पडला, मागून आलेले एकमेकांवर आदळले, आणि पासोलिनी व सारिनेन दोघेही गेले. सारिनेन जगला असता तर अगोस्तिनीचा आकडा 15 पर्यंत गेला असता का? मला शंका आहे. पण हा जर-तरचा हिशेब त्या काळातल्या प्रत्येकाच्या किताबाला लागू होतो.

त्याच वर्षी एमव्हीच्या आतच त्याला खरा शत्रू मिळाला: फिल रीड. एकाच संघात दोन पाटील. 500 चा किताब रीडने घेतला. अगोस्तिनीकडे 350 चा राहिला. काउंट अगुस्ता 1971 मध्येच वारला होता. ज्या घराने मोठं केलं त्या घरात आता आपला शब्द चालत नाही, हे त्याला दिसत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टू-स्ट्रोकचा काळ आलाय हेही दिसत होतं. 1973 संपता संपता त्याने यामाहाशी करार केला. इटलीत हलकल्लोळ झाला. अगोस्तिनी लाल-चंदेरी एमव्ही सोडून जपान्यांकडे जातो म्हणजे काय?

इथे काकांची आर.डी. येते, आणि माझा स्वतःचा अनुभवही. फोर-स्ट्रोकवर वाढलेल्या माणसाला टू-स्ट्रोकवर बसवलं की पहिल्या दिवशी तीन गोष्टी होतात. एक, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फोर-स्ट्रोक स्वतःच गाडी ओढून धरतं, टू-स्ट्रोक धरत नाही. त्यामुळे नेहमीच्या जागी ब्रेक मारणारा सरळ वळणाबाहेर जातो. दोन, खालच्या फेऱ्यांत इंजिनात दम नसतो, आणि एका ठरावीक आकड्यावर ते एकदम उसळतं. वळणात गाडी झुकलेली असताना ती उसळी आली तर मागचं चाक सुटतं. म्हणजे गिअरचा सगळा हिशेब नव्याने मांडायचा. तिसरी गोष्ट मी शोलावरमला शिकलो. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच जातं. लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण उघडून पळवली आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट जरा जरी बारीक बसवलेला असला, तर पट्ट्याच्या टोकाला पिस्टन पकडतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. माझंच चुकलं होतं. सकाळच्या थंड हवेत जेट बदलायचा आळस केला. डावी दोन बोटं क्लचवर नव्हती. धावपट्टीवर किती लांब घसरत गेलो ते मोजलं नाही, पण कोपराची खूण अजून आहे. त्या दिवसापासून टू-स्ट्रोकवर दोन बोटं कायम क्लचवर.

आता कल्पना करा, 31 वर्षांचा, 13 किताब घरात असलेला माणूस हे सगळं अंगवळणी पाडायला परत पहिलीत बसतो. आणि पहिली परीक्षा कुठे दिली? मार्च 1974, अमेरिकेत डेटोनाला. तिथे 31 अंशांच्या तिरप्या भिंतीसारख्या वळणांवरून पूर्ण वेगात जायचं, ट्रॅक अनोळखी, गाडी यामाहाची नवी चार सिलिंडरची टीझेड 750, अंतर लांबलचक. तेलटंचाईमुळे त्या वर्षी 200 ऐवजी 180 मैल ठेवलं होतं, एवढीच काय ती दया. समोर घरच्या मैदानावरचा केनी रॉबर्ट्स आणि इंग्लंडचा बॅरी शीन. अमेरिकन लोकांना वाटलं होतं, हा युरोपातला देखणा शोभेचा राजा आहे. राजा पहिला आला, रॉबर्ट्स दुसरा. पुढच्याच महिन्यात इमोलाची 200 मैलांची रेसही त्याने जिंकली. 'गाडीमुळे जिंकला' या वाक्याला माझ्याकडचं सगळ्यात सोपं उत्तर डेटोना 1974 हेच आहे.

त्या वर्षी 350 चा किताब त्याने यामाहावर जिंकला. 500 मध्ये स्वीडनला शीनच्या घसरलेल्या गाडीमुळे तोही पडला, खांदा दुखावला, आणि किताब पुन्हा रीडकडे गेला. 1975 ला हिशेब चुकता झाला. फ्रान्स, जर्मनी, इमोला, फिनलंड अशा चार रेस जिंकून आणि ब्रनोला रीडच्या मागे दुसरा येऊन त्याने किताब घेतला: अगोस्तिनी 84, रीड 76. 500 वर्गात टू-स्ट्रोक गाडीवर मिळालेला हा पहिला जागतिक किताब. गंमत बघा, रीड त्याच्याच जुन्या एमव्हीवर होता. म्हणजे ज्या गाडीला सगळं श्रेय दिलं जात होतं, तिलाच त्याने बाहेरून येऊन हरवलं. त्याच हंगामात आसेनला शीनने त्याला शेवटच्या वळणावर हूल देऊन हरवलं, आणि 350 चा किताब व्हेनेझुएलाच्या 19 वर्षांच्या जॉनी चेकोत्तोने नेला. वय दिसू लागलं होतं, पण शेवटच्या रेसपर्यंत थंड डोक्याने गुण गोळा करणं हे जुनं कसब कुठे गेलं नव्हतं.

आता रोस्सीशी तुलना. खरं तर मला ती आवडत नाही, पण विचारलंय म्हणून. अगोस्तिनीच्या काळी एक माणूस एका वर्षी दोन वर्गांत किताब जिंकू शकायचा. आज तसं होत नाही, आणि 350 हा वर्गच 1982 नंतर बंद झाला. म्हणून 15 आणि 9 हे आकडे एका तागडीत घालू नका. सर्वांत मोठ्या वर्गातलेच धरा: अगोस्तिनी 8, रोस्सी 7. त्या वर्गातल्या विजयांचा अगोस्तिनीचा 68 चा आकडा रोस्सीने 2008 मध्ये इंडियानापोलिसला मागे टाकला. सर्व वर्ग मिळून मात्र अगोस्तिनीचे 122 विजय आहेत आणि रोस्सीचे 115. दर रविवारी पाच-सहा तोडीस तोड माणसांशी लढावं लागणं या कसोटीवर मी रोस्सीला वर ठेवतो. दर रविवारी जिवंत परत येण्याच्या कसोटीवर अगोस्तिनीला. 1977 च्या शेवटी त्याने मोटारसायकल सोडली, काही वर्षं मोटारींच्या रेस केल्या, आणि मग यामाहाच्या संघाचा प्रमुख म्हणून परत आला. एडी लॉसनने 1984, 1986 आणि 1988 चे किताब जिंकले ते त्याच्याच संघात. ज्या केनी रॉबर्ट्सला डेटोनाला हरवलं होतं, तोही 1983 ला त्याच्याकडूनच चालवत होता आणि फक्त 2 गुणांनी हरला.

एक रेस राहिली. 1976 साली तो परत एमव्हीकडे गेला होता. फोर-स्ट्रोकचे दिवस सरले होते. 500 वर्गात जिकडेतिकडे सुझुकीच्या टू-स्ट्रोक, आणि त्यानेही मधल्या काळात काही रेस सुझुकीवरच केल्या. हंगामाची शेवटची रेस 29 ऑगस्टला नूर्बुर्गरिंगला होती, 22.8 किलोमीटरच्या त्या जुन्या, झाडीतून वर-खाली जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे त्याने एमव्ही बाहेर काढली. वय 34. सगळा सुझुकींचा ताफा मागे टाकून तो जिंकला. त्याचा तो शेवटचा ग्रांप्री विजय, एमव्हीचाही शेवटचा, आणि 2002 मध्ये नियम बदलेपर्यंत सर्वांत मोठ्या वर्गात फोर-स्ट्रोक गाडीचाही. मित्राला सांगा, त्या दिवशी भंगार अगोस्तिनीकडे होतं.

राहता राहिले काका. अगोस्तिनीची 350 ही यामाहाने खास बनवलेली, पाण्याने थंड होणारी रेसची गाडी होती. काकांची आर.डी. हवेवर थंड होणारी, रस्त्यावरची. पण दोघी एकाच घराण्यातल्या: शेजारी शेजारी दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. यामाहाच्या त्या काळच्या विक्रीच्या रेस गाड्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या पोटातूनच निघालेल्या. म्हणून चार आणे. आपल्याकडे राजदूत म्हणून आली ती तर मूळ 39 घोडाशक्तीची पार तिशीपर्यंत उतरवलेली, पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक. तरीही काकांनी तिला जपावं. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर एकदम किक मारू नका. क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात, ते बाहेरची हवा ओढतात, पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टन पकडतो. आधी सील बदला, ऑइल पंपाची केबल खुणेवर बसवून घ्या, आणि पहिली टाकी संपेपर्यंत पंप असला तरी पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल वेगळं टाका. आणि हो, डावी दोन बोटं क्लचवर.